समुद्राची कामं

टाकीच्या मागच्या काठावर, जिथे पंपाचं पाणी पडताना बारीक तुषार उडतात, तिथे रोज सकाळी एक पांढरी रेघ उमटलेली असते. नखानं खरवडली तर कुरकुरीत लागते. जिभेवर ठेवली तर आधी खारट, मागून किंचित कडू. ओल्या फडक्यानं ती पुसून घ्यायची, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच, कधी काचेवरून उतरून खालच्या लाकडापर्यंत आलेली. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर मीठ असं चालत निघालेलं पाहिलं की मला गावच्या घराच्या खिडक्यांचे गज आठवतात. त्यांच्यावरून हात फिरवला की तळवा तांबूस व्हायचा. खारा वारा लोखंड खातो, असं आई म्हणायची आणि दर दिवाळीआधी त्या गजांना रंग काढायची.

गुहागरकडच्या किनाऱ्यावर लहानपण गेलं की समुद्राला कशाची गरज असेल हे मनातही येत नाही. तो असतोच. रात्री त्याचा आवाज असतो, पावसाळ्यात त्याचा वास घरात असतो, आणि पाहुणे आले की त्यांना दाखवायला तो असतो. त्याचं कुणी काही करावं लागत नाही. आता घरात माशांच्या टाकीत १८० लिटर खारं पाणी आहे, आणि समुद्र बिनबोभाट किती कामं उरकत असतो ते एकेक करून माझ्या अंगावर येतं आहे.

सुरुवात लाकडापासून झाली. गावच्या घराची पडवी नव्यानं बांधायला काढली तेव्हा फणसाचे चार खांब आणि काही आडवी लाकडं निघाली होती. वरून काळपट, उन्हापावसानं भेगाळलेली, जुन्या खिळ्यांच्या जागी गंजाचे डाग पडलेली. घरातल्या वडीलधाऱ्या आप्पांनी ती चुलीत जाऊ दिली नव्हती. टाकीसाठी स्टँड करायचं आहे म्हटल्यावर ते ती लाकडं टेम्पोत घालून स्वतःच पुण्याला आले. सोबत रंधा, पटाशी, गुण्या आणि पाणसळ. बाजारात लोखंडी अँगलचे तयार स्टँड मिळतात, रंग मारून घरपोच. पण खाऱ्या पाण्याखाली लोखंड ठेवायचं, हे आमच्यापैकी कुणाच्या गळी उतरलं नाही.

पहिला रंधा फिरला आणि त्या काळपट थराखालून पिवळंधमक लाकूड निघालं. फणसाचं लाकूड आतून असं असतं हे मला माहीत होतं, पण इतक्या वर्षांच्या खारट वाऱ्यानंतरही तो रंग दोन सुतांवर तसाच थांबलेला असेल असं वाटलं नव्हतं. ढलप्या गोल गोल होऊन बाल्कनीभर पसरल्या. त्यांना एक गोडसर, जुन्या पेटीसारखा वास होता. उजेड लागला की हे लाकूड पुन्हा गडद होत जातं. आज स्टँडच्या दर्शनी खांबांवर तांबूस छटा आली आहे, आणि मागचा, भिंतीकडचा खांब अजून पिवळा आहे.

वजनाचा हिशोब आप्पांनी वहीच्या पाठीवर मांडला. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून जड. लिटरमागे एक किलो आणि वर सुमारे पंचवीस ग्रॅम. म्हणजे नुसतं पाणी १८५ किलो, काच चाळीसेक, शिवाय वाळू आणि दगड. तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद जागेवर साधारण पावणेतीनशे किलो, तेही कायमचे. पाहुणे येतात आणि जातात, कपाट रिकामं करता येतं. हे ओझं दिवसरात्र तसंच उभं राहणार.

“बाय, हे वजन स्क्रूवर नाही टाकायचं,” आप्पा म्हणाले. “स्क्रूनं नुसतं धरून ठेवायचं. ओझं लाकडानं लाकडाला द्यायचं.”

म्हणून वरच्या चौकटीची लाकडं खांबांच्या कुशीला न ठोकता त्यांच्या डोक्यावर बसवली. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तीत नेमकं बसेल असं कूस, आणि सांध्यातून आरपार बांबूची खुंटी. टाकीचे चार कोपरे बरोबर चार खांबांवर यावेत अशी मापं. वजन काचेतून चौकटीत, चौकटीतून खांबात आणि खांबातून फरशीत उतरतं, ती वाट आप्पा बोटानं पुन्हा पुन्हा खाली नेत दाखवत होते. चौकटीवर मरीन प्लायचा एकोणीस मिलिमीटरचा तक्ता, त्यावर थर्मोकोलची शीट. काचेला खाली एखादा वाळूचा कणही चालत नाही. त्या एका ठिकाणी दाब साठतो आणि तिथूनच तडा जाऊ शकतो. शीट टाकण्याआधी आप्पांनी त्या तक्त्यावरून तळहात इतक्या सावकाश फिरवला की मला मध्ये बोलवेना. लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावावं असा त्यांचा आग्रह होता, आमच्याकडे होड्यांनाही तेच लावतात. मला टाकीच्या इतक्या जवळ ते नको होतं. शेवटी खांबांच्या तळव्यांना तेल आणि वर सगळीकडे वॉर्निश, असं ठरलं.

फ्लॅटच्या फरशीला बाल्कनीकडे उतार असतो. धुताना पाणी वाहून जावं म्हणून गवंडी तो मुद्दाम देतात, आणि एरवी तो कुणाच्या लक्षातही येत नाही. पाणसळीतला बुडबुडा एका बाजूला जाऊन बसला तेव्हा तो कळला. समोरच्या दोन खांबांखाली फणसाच्याच पातळ पाचरी सारल्या. मग टाकीत पाणी भरलं, आणि काचेच्या वरच्या कडेपासून पाण्याची रेघ चारही बाजूंना सारखी भरली. पाणसळीवर माझा विश्वास होता, पण पाण्यानं स्वतः दिलेला हा कौल वेगळाच वाटला. डोंगर, किल्ले, स्टेशनांच्या पाट्या, सगळ्यांची उंची ज्या सपाटीपासून मोजतात तिचा एक तुकडा आता घरातल्या भिंतीशी उभा होता, आणि तो सपाट ठेवण्याची जबाबदारी फणसाच्या दोन पाचरींवर होती.

पाणी खारं करायचं म्हणजे मीठ घालायचं, एवढं सोपं ते नाही. लागतं साधारण साडेसहा किलो, पण स्वयंपाकघरातलं नव्हे. पेण-उरणकडून जाताना लहानपणी मिठागरं दिसायची, चौकोनी वाफ्यांच्या बांधावर पांढरे ढीग. तिथे काय चालतं याचा मी या टाकीच्या निमित्तानं पहिल्यांदा नीट विचार केला. वाफ्यातलं पाणी आटत जातं तसं कॅल्शियमचे क्षार आधीच तळाशी बसतात, नंतर आपलं नेहमीचं मीठ दाणे धरतं, आणि मॅग्नेशियम शेवटी उरलेल्या कडवट पाण्यात राहून जातं. आगरी माणूस फावड्यानं ओढून घेतो ते मधलं पांढरं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कसबानं समुद्रातून नेमकं तेवढंच वेगळं काढलेलं असतं. जेवणाला ते हवंच. माशांना मात्र आपण बांधावरच सोडून दिलेलं ते बाकीचंही लागतं: मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट. मागच्या काठावरच्या रेघेला जो कडूपणा येतो तो त्यांचाच.

ही सगळी द्रव्यं पिशवीत भरून विकता येतात, याचं कारण मला फार मोठं वाटतं. ‘चॅलेंजर’ नावाचं ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ अशी चार वर्षं जगाच्या समुद्रांवर फिरलं. त्यानं जागोजागी, वेगवेगळ्या खोलीवरून भरून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष छापले. कुठलं पाणी जास्त खारं निघालं, कुठलं कमी. पण त्या खारटपणातली द्रव्यांची आपसांतली प्रमाणं जवळपास सगळीकडे सारखीच होती. मला हे वाचून खूप वेळ दुसरं काही सुचलं नाही. गुहागरच्या पुळणीवर माझ्या पायांना लागलेलं पाणी आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे मी कधीही जाणार नाही तिथलं पाणी, एकाच मापानं कालवलेलं आहे. नद्या वेगळ्या, खडक वेगळे, ऊन वेगळं, आणि तरी ढवळणं इतकं अखंड की कुठेच चव बिघडत नाही.

माझ्याकडे ढवळायला एक ड्रम आणि एक पंप आहे. आरओचं पाणी घ्यायचं, मीठ थोडं थोडं सोडायचं. आधी पाणी दुधाळ होतं, मग निवळत जातं. निवळलं की रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकून तो उजेडाकडे धरायचा. आत वर निळं, खाली पांढरं आणि मध्ये एक सरळ सीमा दिसते. ती ३५ वर यायला हवी, म्हणजे हजार भागांत पस्तीस भाग क्षार. एखादी रेघ इकडेतिकडे झाली तर वाटीभर पाणी किंवा चिमूटभर मीठ. खिडकीशी उभं राहून एका डोळ्यानं त्या सीमेकडे बघणं हा माझ्या आठवड्यातला सगळ्यात शांत वेळ असतो.

मग उन्हाळा येतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत टाकीतलं दोन-तीन लिटर पाणी दिवसाला उडून जातं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. समुद्रावर हे काम पाऊस करतो, वाशिष्ठी करते, सगळ्या नद्या करतात. आणि पाणी तापू नये म्हणून वर एक छोटा पंखा लावला की वाफेबरोबर उष्णता निघून जाते, माठातलं पाणी गार होतं तसंच. म्हणजे पंखा लावला की पाणी आणखी उडणार, आणि माझा तांब्या आणखी एकदा भरला जाणार.

हा तांब्या उचलताना मला अ‍ॅना थिन आठवते. तिनं १८४६ साली इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळं लंडनला आणली. पंप नव्हते, वीज नव्हती. पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून तिची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे, अर्धा-पाऊण तास. प्रवाळं जगली. मला त्या मोलकरणीचे हात दिसतात. लाटा फुटतात तेव्हा पाण्यात हवा मिसळते, किनाऱ्यावर हे काम रात्रंदिवस फुकट चालू असतं, आणि लंडनमधल्या एका खोलीत त्या लाटांचं काम एक बाई दोन हातांनी करत होती. लाटांनी तिथे मदत मागितलेली नव्हती. कुणाला तरी समुद्र घरात हवा होता, आणि ज्याला तो हवा असतो त्याच्या घरात त्याची कामं कुणाला ना कुणाला करावीच लागतात.

त्यानंतर काही वर्षांतच तिथे या छंदाची लाट आली. फिलिप हेन्री गॉस यांचं मत्स्यालयावरचं पुस्तक १८५४ साली निघालं. चार क्षार मोजून घरीच समुद्राचं पाणी कसं करायचं याची कृतीही त्यांनी त्याच वर्षी दिली. लोक बरण्या घेऊन किनाऱ्यावर लोटले. पुढे गॉस यांच्या मुलानं १९०७ सालच्या आपल्या आठवणींत लिहिलं आहे की वडील समुद्रावर मनापासून प्रेम करत होते, पण त्यांची पुस्तकं वाचून आलेल्या गर्दीनं खडकांमधली ती डबकी ओरबाडून काढली. वडिलांच्या प्रेमाची ही किंमत मुलानं नोंदवून ठेवली आहे, आणि मला ती विसरता येत नाही. आमच्या कातळावरच्या डबक्यांत ओहोटीला मी तासन्‌तास बसलेली आहे. शंख पाठीवर घेऊन चालणारे इवले खेकडे, खडकाला धरलेली कालवं, बोट लावलं की मिटणारी समुद्रफुलं. त्यांतलं काही उचलून आणावं असं आता वाटत नाही. प्रवाळं तर आणायचीच नाहीत. २००१ पासून ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या शेजारी. मुंबईत कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या वसाहती जपून उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, हे २०२० सालचं. माझ्या टाकीतले दगड कारखान्यात केलेले आहेत, पांढरे आणि सच्छिद्र.

त्या पांढऱ्या दगडांकडे बघत मी कित्येक आठवडे काढले. टाकीत पाणी होतं, वाळू होती, पंप घुमत होता आणि मासा एकही नव्हता. येणारा प्रत्येक माणूस वाकून आत बघायचा आणि विचारायचा, मासे कुठे आहेत? त्यांना काय सांगायचं? जे यायचं होतं ते डोळ्यांना दिसणारं नव्हतं. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, तो त्यांनाच विष. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. या जिवाणूंनी दगडाच्या भोकाभोकांत वस्ती केल्याशिवाय टाकीत कुणाला आणायचं नसतं, आणि वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. घाई करून ते काम लवकर होत नाही. मी रोज थोडं पाणी काचनळीत घेऊन औषधाचे थेंब टाकायची आणि पांढऱ्या कागदापुढे धरायची. अमोनियाचा हिरवा रंग दिवसागणिक पिवळ्याकडे सरकत गेला. मग दुसऱ्या नळीतला जांभळा चढला, बरेच दिवस तसाच राहिला आणि एका आठवड्यात उतरला. दरम्यान दगडांवर तपकिरी लव आली, ती वाढली, आणि मी हात लावायच्या आत विरळ होऊ लागली. रिकाम्या दिसणाऱ्या त्या टाकीत एवढी उलथापालथ चालू होती. गावच्या समुद्रावर मेलेला मासा, सडलेलं शेवाळ, आम्ही सोडलेली निर्माल्यं, हे सगळं कुठे जातं असा प्रश्न मला लहानपणी कधी पडला नव्हता.

नंतर मासे आले. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे, ज्यांना दुकानात सगळे ‘निमो’ म्हणतात. समुद्री शोभेच्या माशांच्या बहुतेक जाती आजही थेट समुद्रातून धरून आणतात, आणि फिलिपिन्ससारख्या ठिकाणी त्यांना गुंगी आणायला सायनाइड वापरल्याचा इतिहास आहे. हा मासा मात्र टाकीत वाढवता येतो. केरळात विळिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात त्याची पैदास करण्याची पद्धत बसवली गेली. माझी जोडीही अशीच पैदाशीतली आहे. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही, आणि बहुधा त्यांच्या आईबापांनीही नसेल. दोघांतलं मोठं ती मादी, छोटा तो नर. मादी गेली तर नरच मादी होतो, ही या जातीची रीत. रात्री दोघं एका कोपऱ्यात, पंपाच्या झोताला तोंड करून, जागच्या जागी अंग हलवत राहतात. समुद्रफुलाच्या बोटांमध्ये झोपण्याची सवय आहे ती. समुद्रफूल इथे नाही, सवय आहे. त्यांच्या शरीराला काय काय ठाऊक आहे आणि त्यातलं किती या काचेत निरुपयोगी पडून आहे, हे मला कळायला मार्ग नाही. त्यांना धरून आणलेलं नाही एवढ्यानं माझं समाधान होतं, पण पुरतं होत नाही.

आप्पा फोनवर टाकीची चौकशी करतात. लाकडाला बाक आला का, सांध्यात ओल धरली का, हे आधी. मासे नंतर. परवा त्यांनी एकदम विचारलं, “भरती-ओहोटी कशी करतेस?”

करत नाही. पाणी एकाच रेघेला असतं. त्यांना ते अजिबात पटलं नाही. आप्पांच्या डोक्यात अजून तिथीचं गणित पक्कं आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. कालवं काढायला कधी जायचं, होडी कधी लोटायची, हे सगळं घरातली माणसं याच हिशोबानं ठरवत. मी मग त्यांना वाचलेलं सांगितलं. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे हिरवे खेकडे प्रयोगशाळेत आणून ठेवले, जिथे पाणी चढत नाही की उतरत नाही, आणि तरीही काही दिवस ते त्यांच्या किनाऱ्यावरच्या भरतीच्या वेळेलाच जास्त हालचाल करत राहिले. “मग?” आप्पा म्हणाले. “त्यांना कळतं. तू पंपाला टायमर लाव.”

टायमर आहे घरात. दोन पंप आळीपाळीनं चालवायचे, सहा तास एका बाजूनं झोत, सहा तास दुसऱ्या बाजूनं, एवढं तर सहज होईल. अडचण अशी की टायमर चोवीस तासांचा असतो आणि भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. म्हणजे रोज संध्याकाळी तो हातानं पुढे करायला हवा. आणि वेळ कुठली धरायची? विळिंजमची धरावी तर या माशांनी तोही किनारा पाहिलेला नाही, गुहागरची धरली तर ती माझी आणि आप्पांची वेळ. आप्पांना यात प्रश्नच दिसत नाही. त्यांनी पंचांग काढून ठेवलं आहे आणि उद्याची तिथी मला आजच कळवली आहे.